परसातल्या शिंजिराचा फोटो: पिसांचा तपशील जातो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका घराच्या परसात जास्वंदीवर जांभळा शिंजीर (सनबर्ड) रोज येतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, लेन्स ७०-३००. फोटो ३०० मिमीवर, साधारण ७ मीटरवरून काढलेला: एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचं माप), शटर १/३२० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००. क्रॉप केल्यावर पिसं मेण फासल्यासारखी दिसतात. शार्पनिंग (एडिटिंगमध्ये कडा ठळक करणं) वाढवलं की मागे रवा सांडल्यासारखे दाणे येतात आणि चोचीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. तर शार्पनिंगचा आकडा किती ठेवावा?

आकडे पुढे दिले आहेत. पण त्यांनी या फोटोतली पिसं परत येणार नाहीत, कारण ती फाइलमध्ये पोचलीच नाहीत. हिशेब करून बघा. शिंजीर जेमतेम १० सेंमीचा. ३०० मिमी लेन्सने ७ मीटरवरून तो सेन्सरवर साडेचार मिमी लांबीचा पडतो, म्हणजे सुमारे ११४० पिक्सेल. पक्ष्याच्या अंगावरच्या एका मिलिमीटरला ११ पिक्सेल मिळाले. पिसाच्या कण्याला फुटलेले तंतू एका मिलिमीटरमध्ये दोन-तीन धरले, तर एक तंतू आणि शेजारची फट मिळून चार-पाच पिक्सेल. एवढ्यावर तंतू कसाबसा दिसू शकतो, बाकी सगळं बिनचूक असेल तर. आता शटर घ्या. शिंजिराचं डोकं सेकंदाला फक्त १० सेंमी वेगाने हललं असं समजा (तो याहून जोरात झटके देतो), तर १/३२० सेकंदात ते साडेतीन पिक्सेल सरकतं. तंतू आणि फट एकमेकांत मिसळायला तेवढं पुरतं. मेणासारखा पोत दिसतो तो याचा.

लेन्समधली स्थिरीकरणाची सोय इथे कामाची नाही. ती तुमच्या हाताची थरथर थोपवते, पक्ष्याची हालचाल नाही. फांदी शार्प आणि पक्षी मऊ दिसत असेल तर दोष शटरचा किंवा फोकसचा; फांदी आणि पक्षी दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील तर दोष हाताचा. जुने फोटो या नजरेने एकदा चाळून बघा, कुठे चुकतंय ते लगेच समजेल.

म्हणून पहिलं काम अंतर कमी करण्याचं. तीच ३०० मिमी लेन्स ३ मीटरवरून लावली की तोच शिंजीर सुमारे २८०० पिक्सेलचा होतो, मिलिमीटरला २८ पिक्सेल. १/१६०० सेकंद शटर ठेवलं तर मघाच्याच वेगाने डोकं पावणेदोन पिक्सेल सरकेल, आणि तंतू-फटीची जोडी आता दहा-बारा पिक्सेलची आहे. तपशील टिकला. यात नवी लेन्स घ्यावी लागली नाही. १५०-६०० ची मोठी लेन्स घ्यायचा विचार असेल तर तिचं सर्वांत जवळचं फोकस अंतर आधी बघा: या जातीच्या लेन्स साधारण सव्वादोन ते पावणेतीन मीटरच्या अलीकडे फोकस करत नाहीत. ७०-३०० बहुतेक वेळा मीटर-दीड मीटरपर्यंत येतात, आणि परसात हीच गोष्ट जास्त उपयोगाची आहे.

पक्ष्याच्या मागे जाऊन ३ मीटर गाठता येत नाहीत. पक्षी तुमच्याजवळ यावा लागतो. खिडकी हे उत्तम लपण आहे. तावदान उघडा, आतून गडद पडदा किंवा जुनी चादर लावा आणि तिला लेन्सपुरती फट ठेवा. काचेतून फोटो काढू नका. साधी खिडकीची काच तिरकी पडली की ३०० मिमीवर तपशील स्पष्ट मऊ होतो; नाइलाज असेल तर लेन्सचं हूड काचेला टेकवून, अगदी काटकोनात धरा. खोलीतला दिवा बंद ठेवा, पंखाही, नाहीतर पडदा हलतो. खिडकीच्या कठड्यावर दोन-तीन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की ट्रायपॉडची गरज उरत नाही. कोकणात किंवा मुंबईत एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढणार असाल तर तो बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं वाया जातात.

जास्वंद जमिनीत लावलेली असेल तर ती हलणार नाही, पण हमेलियाची कुंडी हलते. त्याच्या केशरी नळीसारख्या फुलांवर शिंजीर दिवसातून अनेकदा येतो. कुंडी आज आहे तिथेच राहू द्या, मग दर दोन दिवसांनी हातभर खिडकीकडे सरकवा. एकदम आणली तर पक्षी दोन दिवस बिचकतात. बुलबुल, दयाळ, चष्मेवाला, शिंपी यांच्यासाठी पाणी ठेवा: पसरट मातीचं परळ, पाणी दोन-तीन सेंमी खोल, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला आणि परळ घासून धुवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. परळापासून फूट-दीड फुटावर बोटाएवढ्या जाडीची वाळकी फांदी सुतळीने बांधा. पाण्यावर उतरण्याआधी पक्षी तिच्यावर थांबून आजूबाजूला बघतो, आणि तुमचा फोटो त्या थांबण्यात आहे. धान्य टाकू नका असं मी सांगेन. चार दिवसांत कबुतरं येतात आणि बाकीचे पक्षी फिरकेनासे होतात.

फांदीची उंची तुमच्या लेन्सच्या उंचीला जुळवा. तिच्यामागे कुंपणाची भिंत एक मीटरवर असेल तर भिंतीचा गिलावा फोटोत दिसणारच. मागे चार-पाच मीटर मोकळी जागा आणि त्यापलीकडे झाडी असेल तर एफ/८ वरही मागचं मऊ हिरवं होतं. पार्श्वभूमी एडिटिंगमध्ये धूसर करत बसण्यापेक्षा फांदी दोन मीटर पुढे बांधणं सोपं आहे, आणि ते खोटंही दिसत नाही.

एक बंधन पाळा. घरटं असेल तर त्याचे फोटो काढू नका. शिंजीर आपलं लोंबतं घरटं खुशाल बाल्कनीतल्या वायरीला बांधतो, त्यामुळे मोह होतो; पण मादी वारंवार उठली तर अंडी गार पडतात आणि तुमच्या ये-जा करण्यावर कावळ्याची नजर असते. मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलावणंही नको. तो आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून खाणंपिणं सोडून शोधत फिरतो.

आता प्रकाश. सगळ्या पक्ष्यांना एकच प्रकाश चालत नाही आणि बरेच जण इथेच चुकतात. नर शिंजिराची जांभळी-निळी झळाळी रंगद्रव्याची नाही. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होताना ती तयार होते, म्हणून ती ठरावीक कोनातूनच दिसते. सूर्य तुमच्या पाठीशी असला आणि पक्ष्याने छाती तुमच्याकडे वळवली की गळा पेटल्यासारखा उजळतो. मान थोडी वळली की तोच गळा कोळशासारखा काळा. सावलीतला शिंजीर काळाच दिसणार, आणि त्या काळ्यात एडिटिंगमध्ये शॅडो (गडद भाग) कितीही वर ओढल्या तरी निळा निघत नाही. उलट चिमणी, सातभाई, राखी वटवट्या यांच्या पिसांत रंग साधा आणि पोत श्रीमंत असतो. त्यांना तुमच्या पाठीमागून आलेलं सरळ ऊन सपाट करतं. बाजूने ३०-४५ अंशांतून येणारा प्रकाश प्रत्येक पिसाच्या कडेला बारीक सावली देतो आणि पिसं एकावर एक रचलेली दिसतात. दयाळ आणि बुलबुल यांना पातळ ढगांचा दिवस सर्वांत चांगला. हिवाळ्यात साडेसात ते नऊ ही वेळ धरा. मार्चनंतर दहा वाजले की कोबा, पत्रा, फरशी तापते आणि त्यावरून उठणारी गरम हवा फोटोत लाटा आणते. त्या लाटांवर कुठल्याही सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

सेटिंग असं ठेवा: मॅन्युअल मोड, एफ/८, १/१६००, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. स्वस्त ७०-३०० लेन्स ३०० मिमीला पूर्ण उघडी असताना मऊ असते, एफ/८ वर बरीच सुधारते. एफ/११ च्या पुढे जाऊ नका. एवढ्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तिथून विवर्तनाने (छिद्र लहान झाल्यावर प्रकाश पसरल्याने) तपशील कमी होऊ लागतो. या सेटिंगवर स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० च्या आसपास येईल, कोवळ्या उन्हात ८०० ते १२५०, झाडाच्या सावलीत ४००० आणि वर. आयएसओ वाढल्यावर येणाऱ्या दाण्यांची भीती बाळगून १/३२० वर उतरणं हीच मूळ चूक होती. दाणे काढता येतात, हललेली पिसं स्थिर करता येत नाहीत. आयएसओ ८०० वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) काळोखा फोटो काढून मग उजळणं हाही फायद्याचा सौदा नाही. सेन्सरवर पडलेला प्रकाश तेवढाच असतो, त्यामुळे दाणे ३२०० इतकेच येतात, कधी जास्तच. पंख फडफडवत फुलासमोर अधांतरी थांबलेला शिंजीर हवा असेल तर १/३२०० लागेल आणि पंखांची टोकं तरीही थोडी पुसट येतील. ती तशीच राहू द्यावीत, छान दिसतात.

एक्स्पोजरची भरपाई पक्ष्याच्या रंगापेक्षा मागच्या पार्श्वभूमीवर जास्त ठरते. काळा शिंजीर किंवा कोतवाल गडद झाडीसमोर असेल तर मीटर फसून सगळं उजळ करतो; उणे २/३ स्टॉप द्या. तोच पक्षी आकाशासमोर असेल तर अधिक १ ते १ २/३. दयाळाच्या अंगावर काळ्याला लागून पांढरा पट्टा असतो. तिथे पांढऱ्याला जपा, काळा नंतर उचलता येतो. हिस्टोग्राममध्ये (उजेड-अंधाराच्या आलेखात) तीनही रंगांचे आलेख वेगळे बघायची सवय लावा. शिंजिराच्या गळ्यावर एकूण आलेख ठीक दिसतो, पण निळा रंग उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. तो एकदा कापला गेला की गळ्यावर पिसं नाहीत, जांभळा डाग आहे असं दिसतं. फाइल अर्थातच रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर, पक्षी-डोळा ओळखणारा कॅमेरा असेल तर तो पर्याय चालू, नसेल तर एकच छोटा बिंदू डोळ्यावर. ३ मीटरवर एफ/८ ला फोकसची खोली छापील फोटोच्या हिशेबाने पावणेतीन सेंमी भरते, पण १०० टक्क्यांवर बघाल तर सेंटीमीटरभरच. म्हणजे पक्षी तुमच्याकडे तोंड करून असेल तर चोचीचं टोक शार्प आणि डोळा मऊ, किंवा उलट. बाजूने बसलेला, अंग सेन्सरला समांतर असलेला पक्षी घ्या. मग डोळा, खांदा, पंखांची घडी सगळं एका प्रतलात येतं.

जास्वंदीबद्दल एक उपयोगाची गोष्ट. त्या मोठ्या फुलात शिंजीर समोरून तोंड घालेल म्हणून लोक पाकळ्यांवर फोकस धरून बसतात. तो बरेचदा मागून येतो, देठावर बसतो आणि पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसून तिथूनच मध ओढतो. चोच आत गेली की डोकं क्षणभर स्थिर राहतं. चोच बाहेर काढून मान वर करतो तेव्हा आणखी एक क्षण. या दोन क्षणांना तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट घ्या. बोट दाबून चाळीस फ्रेम काढल्या तर त्यातल्या बहुतेक झटक्यांच्याच असतात. अशा फोटोसाठी फुलाच्या मागच्या बाजूने, देठाच्या उंचीवर लेन्स असलेली बरी.

आता एडिटिंग. क्रम महत्त्वाचा आहे: आधी निवड, मग दाणे, मग एक्स्पोजर आणि रंग, मग शार्पनिंग, आकार सर्वांत शेवटी.

निवड १०० टक्क्यांवर करा आणि डोळ्याच्या कडेवरच्या बारीक पिसांकडे बघा. डोळ्यातला चमकता ठिपका दोन ठिपक्यांसारखा किंवा रेघेसारखा दिसत असेल तर फ्रेम हललेली आहे, टाकून द्या. रूप कितीही छान असलं तरी.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एआय डिनॉइज (दाणे काढणारा पर्याय) वापरत असाल तर तो ५० वर उघडतो. पक्ष्यांसाठी ३० ते ४० पुरे. जास्त ओढलं की तो पिसं स्वतः रचायला लागतो: फोकसबाहेरच्या पोटावर विणलेल्या कापडासारखी नक्षी येते, झळाळत्या गळ्यावर भेगा पडल्यासारखं दिसतं. २०० टक्क्यांवर मूळ फाइल शेजारी ठेवून ताडा. मुळात जिथे धूसर होतं तिथे नंतर पिसं दिसत असतील तर ती पक्ष्याची नाहीत. पैसे न घालता करायचं असेल तर रॉथेरपीमध्ये ५.८ या आवृत्तीपासून कॅप्चर शार्पनिंग आहे. लेन्समुळे आलेला मऊपणा ते चांगलं भरून काढतं, आणि कडांना पांढऱ्या रेघा फारशा येत नाहीत.

रंगाच्या प्रोफाइलमध्ये ‘व्हिव्हिड’ टाळा, ‘न्यूट्रल’ किंवा ‘अॅडोबी स्टँडर्ड’ घ्या. निळा-जांभळा जिथे सपाट झालाय तिथे सॅच्युरेशन १०-१५ ने कमी करून बघा. पिसांच्या ओळी पुन्हा उमटतात, आणि रंग कमी झाल्याचं डोळ्याला जाणवतही नाही. शॅडो अधिक ३०-४० च्या पुढे नेऊ नका. काळा पक्षी राखाडी झाला की त्याचा पोतच जातो.

शार्पनिंगचे आकडे, विचारल्याप्रमाणे. लाइटरूम रॉ फाइलला अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५, मास्किंग ० लावतो. पिसांसाठी रेडियस ०.७ ते ०.८ करा, पिसांचे तंतू बारीक आहेत, मोठा रेडियस तंतू सोडून कडा जाड करतो. चोचीवरची पांढरी रेघ तिथूनच येते. अमाउंट ५० ते ७०. डिटेल आयएसओ ८०० पर्यंत ४०-५०, ३२०० च्या वर २०-२५. मास्किंगचा स्लायडर ऑल्ट की दाबून ओढा: पडद्यावर पांढरं ते शार्प होणार, काळं ते सुटणार. पार्श्वभूमी पूर्ण काळी आणि पिसांच्या ओळी पांढऱ्या राहतील तिथे थांबा, साधारण ६० ते ८० दरम्यान. रवा सांडल्यासारखे दाणे आले ते मास्किंग शून्यावर असल्याने.

त्यानंतर पक्ष्यावर मास्क घेऊन (म्हणजे बदल फक्त त्या भागापुरता ठेवून) टेक्स्चर अधिक १० ते २०. क्लॅरिटी शक्यतो नको, आणि डीहेज तर नकोच. दोन्ही पक्ष्याभोवती उजळ वलय आणतात. आपोआप निवडलेला मास्क नखं, पाय आणि चोचीच्या मुळाशी असलेले केसांसारखे राठ तंतू हमखास सोडतो. ओ की दाबून लाल थर बघा आणि बारीक ब्रशने ती जागा भरा. डोळा उजळायचा तर ०.२-०.३ स्टॉप, त्याहून जास्त नाही. डोळ्यात चमक नसेल तर रंगवू नका. उलट कपाळाला चिकटलेला पिवळा पराग, चोचीला लागलेला कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा स्पॉट म्हणून पुसू नका. तो तपशीलच आहे.

रेघ तरीही राहिली तर फोटोशॉपमध्ये शार्पनिंग वेगळ्या थरावर करून त्या थराचा ब्लेंड मोड ‘डार्कन’ करा. उजळ रेघ जाते, गडद बाजूची धार राहते. अपारदर्शकता ५०-६० टक्के ठेवा.

आकार लहान केल्यावर फोटो थोडा मऊ होतोच, म्हणून शेवटचं शार्पनिंग आकार ठरल्यावरच. पडद्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंगांची पद्धत एसआरजीबी, त्यावर स्मार्ट शार्पन रेडियस ०.३, अमाउंट ६०-८०. बारा बाय आठ इंच प्रिंटला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. २४० पीपीआयवरही हातात धरून फरक कळत नाही. मॅट कागद शाई शोषतो, तिथे पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकं शार्पनिंग योग्य. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पिसांवरच पहिली कात्री चालते.

मूळ फोटो टाकून द्यायची गरज नाही. ११४० पिक्सेलच्या शिंजिराला क्रॉप करून पडदाभर ताणू नका. जास्वंदीची फांदी, दोन कळ्या आणि मागची हिरवळ ठेवून फ्रेमची रुंदी १६०० वर आणा, म्हणजे पक्षी ३०० पिक्सेलचा राहील आणि साडेतीन पिक्सेलची हालचाल एका पिक्सेलच्या आत बसेल. शार्पनिंग अमाउंट ४०, रेडियस ०.८, मास्किंग ८०. पिसं मोजता येणार नाहीत, पण फुलाशी वाकलेल्या शिंजिराचा बाक स्वच्छ दिसेल.